सानिकाचं चुकलेलं उत्तर

६ मार्च, शुक्र.
प्रकाश संपला, उष्णता संपली. नागपूरकडच्या पोरांना उष्णता शिकवायची म्हणजे विनोदच. दुपारी घसरगुंडीवर बसू नये, हे त्यांनीच मला सांगितलं. आजपासून ध्वनी. घर नंदनवनला, शाळा कामठीला, रोज दोन ऑटो, त्यात घसा बसलेला. सोमवारी चाचणी. उरकायचं बस.

१० मार्च, मंगळ.
तिसरीचे पेपर वाटले. प्र. ३ : आवाज कशाने ऐकू येतो? सानिकाने लिहिलं, ‘हाताने’. लाल फुली मारली होतीच, वर मोठ्याने वाचूनही दाखवलं. काहून? कंटाळले होते, वर्ग जरा हसेल म्हणून. हसला. ‘हातानं ऐकते, हातानं!’ मागच्या बाकावर टाळ्या. एरवी तिची बडबड थांबवता थांबवता माझी पुरेवाट होते. आज तिने पेपराची घडी घालून दप्तरात कोंबली.

१२ मार्च, गुरु.
ताटलीत तांदळाचे दाणे टाकले, काठावर चमचा वाजवला. दाणे नाचले. सगळ्यांनी ताटलीला बोट लावून पाहिलं. सानिकाचे हात पाठीमागे.
‘लाव न वं.’
‘नाही मॅडम. आवाज कानानं ऐकू येते.’
अगदी पाठ केलेलं. बरं नाही वाटलं. पण घंटा झाली, अन् मुख्याध्यापकांना माहिती भरून हवी होती.

१३ मार्च, शुक्र.
सानिकाची आई आली. वाटलं, खिचडीची तक्रार असेल.
‘मॅडम, पोरीले काय सांगितलं तुमी?’ आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.
वडील यंत्रमागावर आहेत. त्या खडखडाटात कान गेले. ‘माग बिघडला का हात ठेवूनच समजते त्याइले. अन् हे पोरगी घरी आली का बाबाचा हात आपल्या गळ्यावर ठेवते, मंग दिवसभराचं सांगते. अर्धं तोंड पाहून समजते, अर्धं हातानं. मंगळवारपासून हात लावू देऊन नाही राहिली. चूक आहे म्हणते.’
फार लाज वाटली. आवाज म्हणजे कंपन, हे फळ्यावर मीच लिहिलं होतं. सतरा वर्षं लिहितेय.
म्हटलं, उद्या त्यांना वर्गावर पाठवा.

१४ मार्च, शनि.
सानिकाचे वडील पाळी संपवून थेट आले. केसांत कापसाची धूळ. डोळे मिटून टेबलावर तळहात ठेवला. पोरांनी दुसऱ्या टोकाला ठोकलं. ‘तीन,’ म्हणाले. मग ‘पाच’. मागे कोणीतरी बाक ओढला, तोही ओळखला. पोरं खूश. मी सगळ्यांसमोर सांगितलं, सानिकाचं उत्तर बरोबर होतं, मॅडमचं चुकलं. मागच्या बाकानेही टाळ्या वाजवल्या. हलकं वाटलं. वाटलं, मिटलं एकदाचं.

शाळा सुटल्यावर फाटकाशी बापाने हात तिच्या गळ्याकडे नेला. भोवती वर्गातली पोरं. ती मागे सरली नाही, पुढेही झाली नाही. माझ्याकडे वळून पाहिलं. वही दाखवून बरोबर का चूक विचारतात, तसं. बापाशी बोलायला आता तिला मला विचारावं लागतं.

मी होकाराची मान हलवली. पुन्हा हलवली. ती माझ्याकडेच पाहत राहिली, आणि बापाचा हात तसाच हवेत धरलेला.