वजीर सांभाळा

बाबा,

जेवण झाकून ठेवलंय, दुपारची गोळी वाटीत आहे. मी बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेलेय, संध्याकाळी येईन.

नवशिक्याचं रेटिंग महिन्याला वीस-तीसनं वाढलं तरी पुष्कळ, हे तुम्हीच शिकवलंत. मग माझं आठवड्यात दीडशेनं कसं वाढलं? रोज दुपारी फोनवरच्या बुद्धिबळाच्या अ‍ॅपवर कुणी ‘रावसाहेब’ मला खेळायला बोलवायचा, तुमच्यासारखंच आधी कडेचं प्यादं सरकवायचा आणि वजीर फुकट देऊन टाकायचा. तो हरला की आतल्या खोलीत तुम्ही खाकरायचात! सून आहे बाबा, आंधळी नाही.

काल हे उमगलं तेव्हा स्पर्धेतून नाव काढावंसं वाटलं. मग म्हटलं, मला धीर यावा म्हणून जो माणूस आठवडाभर मुद्दाम हरला, त्याच्यासाठी एक दिवस खरंखुरं हरायला काय हरकत आहे? शिलाईमशीनपलीकडेही माझं डोकं चालतं, हे या घरात आधी तुम्हालाच दिसलं. ते विसरणार नाही.

संध्याकाळी पट मांडून ठेवा आणि वजीर सांभाळा. यापुढे तो मी कष्टानेच घेणार.

तुमची,
सूनबाई