पालथी वाटी

माय, तुझ्या पिठाच्या डब्यावरची वाटी आज दिवसभर डोक्यात आहे. पीठ असलं की वाटी उताणी, संपलं की पालथी. घरात ‘नाही’ हा शब्द काढलेला तुला चालायचा नाही. “काऊन बे, पीठ नाही म्हणतं? वाढलं म्हन!” आणि वाटी न बघता कुणी झाकण उघडलं, किंवा पीठ असून वाटी पालथी घातली, की हातावर चापट. मी तेव्हा खामगावच्या जिनिंगातून नाकातोंडात कापूस घेऊन यायचो. ते काम सोडलं. मग चिखलीच्या स्टँडवरचं भज्यांचं दुकान, तेही सोडलं. भजी मात्र झकास असायची. असो.

आता नागपुरात एका हापिसात कार्डांना भोकं पाडतो. मोठं मशीन ती भोकं वाचतं. त्याला गावाचं नाव आणि तारीख द्यायची आणि त्यानं त्या दिवसाचा पाऊस परत द्यायचा, एवढंच. पण पाऊस कुणी मोजलाच नसेल तर त्यानं परत द्यावं काय? आपल्या सुलतानपूरचा मोजणारा लग्नाला गेलेला, आकडाच आला नाही. मी रकाना कोरा सोडला. मशीननं कोऱ्याला शून्य धरलं आणि आपलं गाव ठणठणीत कोरडं छापलं! अगं, नाल्याला पूर आला, बस अडकली, म्हणून तर तो माणूस लग्नघरीच राहिला होता म्हणे.

साहेब म्हणाले, “नऊशे नव्याण्णव टाक. आकडा नाही याची खूण.” टाकलं. मशीनला कसली खूण! त्यानं तेही सरासरीत ओढलं आणि गाव बुडवून टाकलं.

मी म्हटलं, “साहेब, आकड्याशेजारी एक रकाना द्या. आकडा हाये का नाही, एवढंच त्यात. मशीननं आधी तो पाहावा, मग आकड्याले हात लावावा. आमची माय तसंच करे.”

“तुझ्या मायनं मशीन पाह्यलं होतं का बे?” सगळे हसले. “कार्डात जागा नाही. उद्या शून्य मार, नाहीतर घरी जा.”

डोकं तापलंय तेव्हापासून. माय, ही एकच नोकरी मला टिकवायची होती. मशीनजवळ उभा असलो की पाय दुसरीकडे ओढत नाहीत. पण जे कुणी पाहिलंच नाही, ते ‘पाहिलं, नव्हतं’ असं कसं लिहू? नाही मारणार शून्य. मग म्हणतील, घरी जा. कोणत्या घरी? तू गेलीस तेव्हापासून तिथं तर कुलूप.

हा कागद टाकायचा कुठं? तुझं उत्तर येत नाही, ते शून्य धरू का कोरं, तेही कळत नाही. राहू दे उशाखाली. एवढंच सांगतो, खोलीतला पिठाचा डबा अर्धा भरलेला आहे, तरी मी आत्ता त्याच्यावर वाटी पालथी घातली. कुणीतरी चापट मारावी म्हणून.