शेवटचा ‘नाही’

६ ऑक्टोबर, सोमवार
मासळीच्या कारखान्यात पाटी लागली एकदाची. शीतखोलीच्या दारावर. आत थंडाव्याचा अमोनिया गॅस गळून वाढला की सेन्सर कळवणार आणि पाटीवर तीन ओळी फिरणार : मराठी, उर्दू, इंग्रजी. उर्दू मजकूर तिथले फिटर रफीकभाई यांनी लिहून दिला. मराठी माझा. एकच वाक्य ठेवलं, ‘खोली २: आत जाणे सुरक्षित’, आणि गॅस वाढला की शेवटी ‘नाही’ जोडायचं. स्वतःच्या हुशारीवर खूश. कोड लिहायची भानगड नाही, लॅपटॉपच्या पडद्यावर सूचनांचे डबे मांडायचे आणि तारांनी जोडायचे.
चाचणी इंग्रजी ओळीवर घेतली, मॅनेजरना घाई. भोंगा काढायला लावला. ‘कटकट नको मॅडम, पाटी आहे ना.’
मराठी ओळ सरकली तेव्हा शेवटी एक बारकासा चौकोन दिसल्यासारखा वाटला. फॉन्टचं असेल. बघू.

१४ ऑक्टो., मंगळवार
गजाकाका दवाखान्यात. रोज सकाळी शीतखोल्या उघडतात ते म्हातारे. खोली दोनमध्ये गॅस भरलेला, आणि हे आत गेले. रफीकभाईंनी तोंडाला ओला पंचा बांधून ओढून बाहेर काढलं. छाती भरलीय. डाव्या डोळ्याचं डॉक्टर अजून काही बोलत नाहीत.
मॅनेजर म्हणाले, पाटीवर स्पष्ट होतं, म्हाताऱ्याला वाचता कुठे येतंय.
पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहिते. सुटले, वाटलं. पाटी चालली.

१५, बुधवार
सकाळी वॉर्डात गेले. काका कसेबसे बोलले, ‘वास आला गो बाय. पन पाटीवर सुरक्षित लिवलेला. म्हटला, मशीनला जास्त कळता.’
बाहेर रफीकभाईंना विचारलं. ‘आमच्या उर्दू ओळीत “नहीं” होतं, मी स्वतः वाचलं. मराठीकडे नाय बघितलं.’
घरी येऊन प्रोग्राम उघडला. पाटीकडे जाणाऱ्या तारेवर मीच लावलेला डबा : फक्त ६४ पाठव. मी समजत होते ६४ अक्षरं. तो बाइट मोजतो, म्हणजे अक्षर साठवायचे तुकडे. इंग्रजी अक्षराला एक, उर्दूला दोन, आपल्याला तीन, आणि काना-मात्रा-वेलांटीचे वेगळे तीन-तीन. कागदावर मोजलं. ‘सुरक्षित’पाशी ६२. मोकळी जागा, ६३. मग ‘न’चा एक तुकडा. तोच चौकोन.
इंग्रजी पुरली, उर्दू पुरली. मराठीत ‘नाही’ कधी आलंच नाही. आपला नकार शेवटी येतो आणि मी शेवटच कापला.
पुन्हा मोजलं. तेवढेच आले.

तोच दिवस, दुपारी
हर्णे!! तिथल्या बर्फाच्या कारखान्यात हाच प्रोग्राम आहे. फोन लागेना. चौथ्यांदा लागला. मी येईपर्यंत दाराला कुलूप घाला म्हटलं. ‘काय झाला?’ काही नाही, तपासणी. खोटं बोलले.

१६, गुरुवार
हर्णे केलं. मराठी ओळ सहा वेळा डोळ्यांनी वाचली, ‘नाही’सकट. 
संध्याकाळी इथलीही पाटी दुरुस्त केली. करणं भागच होतं, त्या दारातून माणसं जातात. मॅनेजर मागे उभे राहून बघत होते. ‘“नाही” दिसतंय की ठळक. म्हातारा खोटं बोलतोय.’
मी लॅपटॉप मिटला. 

१८, शनिवार
मॅनेजरनी पत्र पाठवलंय. मजकूर त्यांचा, सही माझी हवी. ‘घटनेच्या दिवशी पाटीत दोष नव्हता.’ त्यावर काकांना घरी बसवणार. नाही केली सही तर? मला पुन्हा काम कोण देईल इथे? गाव एवढंसं. आणि पोलिसांनी विचारलं तर? भीती वाटते. माझ्यासाठीच वाटते, त्याची लाज वाटते.

१९, रविवार
दवाखान्यात गेले. काकांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी. उजव्या डोळ्याजवळ औषधाचं खोकं धरून एकेक अक्षर लावत होते. मला बघून खोकं पुढे केलं.
‘जे-व-णा-नं-त-र. बरोबर हाय ना?’
बरोबर आहे म्हटलं.
‘सगळी म्हनतात मी चुकीचा वाचला. पोरगा पन म्हनतो. तू शिकलेली हायस, तू सांग. मला वाचता येता ना गो?’
‘काका, डोळे मिटून पडा जरा,’ मी म्हणाले. 
पत्र न्यायला उद्या दहाला माणूस येणार. त्यांच्या वाक्यावर काट मारून खाली लिहिलंय, ‘गजाकाकांनी वाचलं ते बरोबर होतं.’ पुराव्याला जुना प्रोग्रामही शोधून ठेवलाय, ६४ सकट. माझं नाव लिहायचं अजून राहिलंय.