आतलं गणित

७ एप्रिल, नरडाणा

पोचले एकदाची! धुळ्याहून एसटीत उभी राहून आले, गरम वाऱ्यानं चेहरा भाजला, पण फाटकाशी सर उभे दिसले आणि सगळा शीण गेला. भूपेंद्र सर माझे बी.एस्सी.पासूनचे गुरू. आईनं माझं लग्न ठरवायला घेतलं होतं, तेव्हा ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि ही पोर ताऱ्यांचं गणित करील, हिला शिकू द्या, असं सांगून तिला वळवून गेले. निवृत्तीनंतर त्यांनीच हे संशोधन केंद्र काढलं, तेही औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद सूतगिरणीत. बाहेरून नुसती पत्र्याची शेड. आत मात्र कपाटांएवढे संगणक ओळीनं घुमत उभे, आणि गारवा असा की एप्रिलात स्वेटर घालावा. दुर्बीण एकही नाही. इथं आकाश बघायचं नसतं, मांडायचं असतं.

सोबतीला रूपा आहे, शिरपूरची. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवर काम करते आणि सारखी बोलते. आईनं बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा तिनं निम्मा फस्त केला. आमचं जमणार.

१२ एप्रिल

माझं काम ठरलं. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना काय होतं, ते संगणकावर घडवायचं. यात सगळे एक सोय करतात. ज्या सीमेच्या आतून प्रकाशही परत येत नाही, त्या क्षितिजाच्या आतला भाग गणितातून कापूनच टाकतात. आतलं काही बाहेर येणारच नाही, मग मोजा कशाला? सरांना नेमकं तेच मोजायचंय. मी विचारलं, तुम्ही स्वतः का नाही करत? हसले. म्हणाले, हे तरुण डोक्याचं काम, आणि तुझ्यावर आहे तेवढा भरवसा मला कुणावरच नाही. अंगावर मूठभर मांस चढलं.

२८ एप्रिल

जमलं! आजवर क्षितिज ओलांडलं की गणित फुटायचं, पडद्यावर नुसता कचरा यायचा. आज जेवून आले तर आकडे शांतपणे पुढे चाललेले. आत. अगदी आत. धावत जाऊन सरांना बोलावलं. ते आले, पण पडद्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिले. डोळ्यांत पाणी. झालं तर मग, एवढंच म्हणाले. मी पाया पडले.

५ मे

हजेरीचं यंत्र माझा अंगठा घेत नाही. फाटकावरच्या तोतारामभाऊंनी, रोज रामराम करणाऱ्या माणसानं, आज विचारलं की कुणाला भेटायचंय. मी हसले, त्यांना हसू आलं नाही. दुपारी रूपानं माझ्या शेजारी बसून एकटीनंच डबा खाल्ला. मी हाक मारली तर दचकली, जशी काही मी भिंतीतून बोलले. ऊन फार आहे. सगळ्यांचीच डोकी तापलीत.

९ मे

शोधनिबंध इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. माझी पद्धत, माझी समीकरणं, माझ्या आकृत्या. नाव एकट्या सरांचं. रूपाला दाखवलं, तर म्हणाली, सरांनी एकट्यानंच केलंय ना हे? आणि मग, अगदी साधेपणानं, तुम्ही कोण?

सरांच्या खोलीत जाऊन वाट्टेल ते बोलले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, तुझं नाव मी लिहिलं होतं, ते टिकत नाही. ज्योतीचंही टिकलं नव्हतं.

कोण ज्योती, असं विचारायला तोंड उघडलं, आणि आठवलं. जळगावची ज्योती. एम.एस्सी.ची दोन वर्षं वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. मला ताप आला तेव्हा माझे केस विंचरून द्यायची. माझ्या आधी ती इथंच आली होती. आणि मी तिला विसरले होते. कधी, कशी — मुळापासून विसरले होते.

१० मे

सरांनी आज सगळं सांगितलं. आतलं गणित जो करतो तो आत जातो. एकदम नाही. बाहेरच्यांना तो हळूहळू फिका दिसत जातो, मग दिसत नाही, मग कधी नव्हताच असा होतो. गणित अर्ध्यावर असतानाच ज्योती आत गेली, म्हणून मला बोलावलं. माहीत असून. मी पुन्हा विचारलं, तुम्ही का नाही केलंत? म्हणाले, मला भीती वाटली गं पोरी.

आमच्या ओट्यावर येऊन बसला होतात, तेव्हाच ठरवलं होतंत का?

११ मे, धुळे

घरी आले. आई गच्चीवर कुरडया घालत होती. हाक मारली. तिनं कपाळावर हात धरून बघितलं.

"कोन शे व माय तू? एवढा ऊनमा कोठे फिरी ऱ्हायनी? बठ, पानी पे."

म्हटलं, आई, मी हेमलता, तुझी लेक. ती हसली, एखाद्या वेडीची कीव यावी तशी.

"माले आंडेर नही व माय. एकच आंडोर शे, सुरतमा ऱ्हास."

लेक नाही तिला. एकच मुलगा, माझा भाऊ निंबा. भिंतीवरच्या फोटोत ती आहे, निंबा आहे, आणि दोघांच्या मधे उगाचच मोठी जागा. पाणी प्यायले. माझ्याच तांब्यातून, पाहुणी म्हणून. निघताना तिनं हातावर गूळ ठेवला. कुणाच्याही लेकीला ठेवला असता.

१३ मे

परत नरडाण्याला. कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही. सोनगीरला एक बाई चढली आणि सरळ माझ्या मांडीवर बसायला लागली — उठले, दाराशी उभी राहिले.

जाणार कुठं? माझं नाव घेणारा एकच माणूस उरलाय. ज्यानं हे केलं तोच.

१६ मे

सर म्हणाले उपाय आहे. तेच गणित उलटं चालवायचं, आतून बाहेर. मीच चालवायचं. शपथ घातली स्वतःची. मी चालवलं — विश्वास ठेवला, पुन्हा —

उलटं नव्हतं. पुढचंच होतं ते. ज्योतीच्या हातून राहिलेलं, माझ्याही हातून राहिलेलं. शेवटचे आकडे हवे होते त्यांना. मिळाले.

मे

घाम येत नाही. भूक नाही. रूपानं पंखा माझ्या अंगावरून ओढत नेला. लागलं नाही —

ज्योती इथंच असेल का? हाक मारून बघितली. माझाच आवाज मला उशिरा ऐकू आला.

मे

सर खोलीत एकटे. समोर जाऊन उभी राहिले. बघितलं त्यांनी. नक्की बघितलं. म्हणाले, हेमलता, मला माफ कर. नाव घेतलं! मी म्हटलं, मोठ्यानं घ्या, रूपासमोर घ्या, बाहेर चला, सगळ्यांना सांगा की मी आहे, तुम्ही म्हणालात तर ऐकतील — ते उठले. खरंच उठले. दाराकडे दोन पावलं — दार उघडलं. रूपा. विचारते, सर, कुणाशी बोलताय?

माझ्याकडे बघत, माझ्याकडेच बघत ते म्हणाले, कुणाशी नाही गं, इथं कोण आहे?

आणि ते म्हणता म्हणताच त्यांची नजर, माझ्यावरची, माझ्यातून पलीकडे —