हान्ना पलीकडे असेपर्यंत

मी, मिरोस्लावा ओस्तापिव्ना दोलिन्स्का, वय अठ्ठावन्न, व्यवसाय कादंबरीलेखन, राहणार सालतिव्का, खार्किव, असे लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे आणि पुढील मजकूर मला कोणी सांगितलेला नाही. सकाळपासून सायरन वाजतो आहे. त्याला कोणी दबाव म्हणणार असेल, तर या शहरातले एकही मृत्युपत्र टिकायचे नाही. उद्या मी सुमीजवळच्या रशियन सीमेवर जात आहे. तो रस्ता तोफांच्या माऱ्यात आहे, म्हणून हे आजच.

कलम एक. पाचव्या मजल्यावरील दोन खोल्यांचे घर माझी मुलगी यारिना हिचे. ती ते विकणार, हे मला ठाऊक आहे. विकावे, पण आधी खिडक्यांची फळकुटे काढून काचा बसवाव्यात.

कलम दोन. माझ्या पहिल्या दोन युद्धकादंबऱ्यांचे मानधन, ज्या पथकाच्या रुग्णवाहिकेत बसून मी दुसरी लिहिली, त्याला जावे. ल्विवच्या सभेत एक समीक्षक म्हणाले होते की, बायकांच्या युद्धकादंबऱ्यांत नुसती तळघरे आणि सूप असते, युद्ध कुठे आहे? युद्ध तिथेच होते, तळघरात, आमच्याशेजारी येऊन बसलेले. त्या गृहस्थांना माझे सूपचे पातेले द्यावे. बुडाला गोळ्याच्या कपचीचे भोक आहे, ते बुजवू नये.

कलम तीन. वडिलांचे अकॉर्डियन थोरल्या मुलाचे, असे वडील म्हणत. माझा थोरला भाऊ हेन्नादी सीमेपलीकडे, रशियातल्या बेल्गोरोदला राहतो. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात मी तळघरातून त्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "अगं, आमचे लोक घरांवर गोळे टाकत नाहीत. तुला रंगवून सांगायची सवयच आहे." मी फोन छताकडे धरला. त्याने ऐकले आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. अकॉर्डियन यारिनाने ठेवावे, वाजवता येत नसले तरी.

कलम चार. हे सर्वांत महत्त्वाचे. माझी तिसरी कादंबरी लिहून तयार आहे. ती हान्ना क्रिवोनिस हिने सांगितलेल्या हकिकतीवरून लिहिली आहे. हान्ना माझ्या आजोळच्या गावात मुलांना संगीत शिकवते. ते गाव ओस्किल नदीच्या पलीकडे, शत्रूच्या ताब्यात आहे. पहिल्या वसंतात गावातल्या बायका शाळेच्या तळघरात कशा राहिल्या, तिच्या नवऱ्याला, मार्कोला, फाटकाशी कशी गोळी घातली, हे तिने माळ्यावर चढून, जिथे रेंज मिळे तिथून, मला थोडे थोडे बोलून पाठवले आणि प्रत्येक वेळी पुसून टाकले.

माझे प्रकाशक रोमान सेवेरिनोविच म्हणाले, "बाई, आज जग वाचतंय. उद्या कंटाळेल. नावं बदला, छापून टाकू."

मी म्हटले, "त्या गावात संगीत शिकवणारी एकच बाई आहे. नाव बदलून काय होणार? पुस्तक बाजारात आलं की दुसऱ्या दिवशी तिला उचलतील."

त्यांनी करार मोडण्याची भाषा केली. मी मोडू दिला.

म्हणून, हान्ना पलीकडे असेपर्यंत या कादंबरीचे एक पानही छापू नये, सभेत वाचू नये, परदेशी मासिकाला देऊ नये. ती सुखरूप आली, तर निर्णय तिचा. जाळ म्हणाली, तर यारिनाने जाळावी.

कलम पाच. हान्ना निघाल्याचा निरोप आला आहे. रशियातून वळसा घालून, शेवटचा टप्पा पायी चालून ती उद्या सीमेवर पोहोचायची आहे. वाटेत मला काही झाले, तर गाडी चालवणाऱ्या ओलेक्साने माझ्यासाठी परत फिरू नये. आधी तिला आणावे. त्याने हे कबूल केले आहे, कुरकुरत का होईना.

खार्किव, १७ एप्रिल २०२४
सही: मि. ओ. दोलिन्स्का
साक्षीदार: क्लाव्दिया पेत्रिव्ना झुब, शेजारीण, ओलेक्सा रुदिक, चालक

पुरवणी

मी परत आले. वरील कलम चार बदलत आहे, म्हणून कारण लिहिते.

सीमेवर आम्ही दिवसभर एका बंद दुकानाच्या भिंतीआड बसलो. पुढच्या वळणावर गोळे पडत होते. दुपारी स्वयंसेवक म्हणाले की, आज आता कोणी येणार नाही. ओलेक्साने माझ्याकडे पाहिले, मी नकारार्थी मान हलवली. ऊन उतरता उतरता रस्त्यावर माणसे दिसली. सर्वांत मागे हान्ना, मार्कोचा कोट घातलेली, बॅग ओढत. मी तिला मिठी मारली, तर म्हणाली, "आधी संडास कुठे आहे ते सांग."

माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने सगळी कादंबरी वाचली. मग म्हणाली, "स्लावा, एक गोष्ट यात नाही. मी तुला ती पाठवलीच नव्हती."

तळघरातल्या शेवटच्या दिवसांत रशियनांचा एक जखमी शिपाई तळघराच्या पायऱ्यांवर पडला होता. मार्कोला मारणाऱ्यांच्याच तुकडीतला. बायका म्हणाल्या, पडू दे. हान्नाने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि तो मरेपर्यंत त्याला चमच्याने पाणी पाजले.

मी म्हटले, हे नको घालू या. लोक तुला फाडून खातील. तुझा मुलगा दानिलो आघाडीवर लढतो आहे.

"मग हे पुस्तक माझं नाही," ती म्हणाली. "दानिलोला मीच सांगेन, समोर बसवून."

काल दानिलो दोन दिवसांच्या रजेवर आला. तिने सांगितले. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

तरी मी ठरवते की, कादंबरी हान्नाच्या खऱ्या नावाने, त्या पाण्यासकट छापावी. ते प्रकरण मी आज लिहायला घेतले आहे. माझ्या हातून पूर्ण झाले नाही, तर हान्ना सांगेल तसे, तिच्याच शब्दांत छापावे. कोणीही ते सौम्य करू नये.

खार्किव, २३ एप्रिल २०२४
सही: मि. ओ. दोलिन्स्का

साक्षीदार एक: क्लाव्दिया पेत्रिव्ना झुब

साक्षीदार दोन: दानिलो मार्कोविच क्रिवोनिस. वरील सर्व वाचले. आईने केले ते मला पटलेले नाही. छापावे.