खारीचा खांब

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाच सेकंद! त्यापुढे घसरलेच. गुडघा काळानिळा झालाय. छप्पन्न वर्षांच्या बाईने खांबाला लटकू नये, हे मलाही कळतं. पण नुसतं बघून खांबाची पकड कळत नाही, अंग टाकून बघावं लागतं. आणि खार घरी येईल तेव्हा तो पहिल्यासारखा झालेला असायला हवा.

नवी वही आहे म्हणून लिहून ठेवते. खार म्हणजे माझी लेक. लहानपणी पडदा, खिडकीचे गज, बापाची पाठ — दिसेल त्यावर चढायची, म्हणून हे नाव पडलं. आता चोवीस वर्षांची आहे. तिच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत स्टीलचा खांब बसवलाय, नाचाचा. त्यावर ती नाचते. नाचायची. ११ जानेवारीला वरून पडली. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आदल्या दिवशी मी त्या खांबाला पॉलिश केलं होतं.

चुकून.

तेव्हापासून ती तिच्या नाच शिकवणाऱ्या बाईंकडे राहते. माझ्याशी एकदाच बोलली, फोनवर. "आई, एवढंच सांग. चुकून केलंस की मुद्दाम? खरं सांगितलंस तर बोलेन तुझ्याशी." मी म्हटलं, "अगं चुकून!" तर म्हणाली, "बावीस वर्षं हॉटेलात हेच काम केलंस तू. परत विचार कर." आणि ठेवला फोन. तीन आठवडे झाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

साबणाचं गरम पाणी, तीनदा. मेला नुसता चकाकतोय. बोट फिरवलं की सुळकन खाली.

८ फेब्रुवारी, शनिवार

हे तिला डबा देऊन आले. रोज जातात, कामावरून परस्पर. मी जात नाही — म्हणजे मला कुणी बोलावत नाही. बूट काढता काढता म्हणाले, "बोटं हलवते आता." मग तासाभराने, पंख्याकडे बघत, "प्लास्टर बावीसला काढणार." जन्मभर लोकांच्या घरी दिवे लावले या माणसाने, पण स्वतःच्या तोंडातून शब्द निघायचा म्हणजे फ्यूज उडाल्यासारखी शांतता!

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"भाजी चांगली झालीय म्हणाली."

एवढ्यावर मी दोन दिवस काढीन.

यांनी मला एकदाही विचारलं नाही, की तू असं कसं केलंस. खांब यांनीच तिच्याबरोबर बसवला होता, पाणसळ लावून, दोघं शिडीवर हसत. विचारलं असतं, ओरडले असते, तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मन घट्ट केलं आणि शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. खार अंघोळीला गेली होती म्हणे. (की शेजारीच बसली होती?) खांबाचं विचारलं. त्या भल्या आहेत, सगळं नीट सांगितलं. "काकू, साबणाने नाही जायचं ते. स्पिरिट लावा, जखमा पुसतात ते. आणि दर हाताला नवं फडकं, नाहीतर पॉलिशमधलं तेच मेण खालचं वर, वरचं खाली." स्टील गार असलं की कातडी धरत नाही, आधी हाताने चोळून ऊब आणायची. अंगाला क्रीम आदल्या दिवसापासून बंद. आणि — "मांड्या उघड्या हव्यात काकू, कापड घसरतं."

उघड्या मांड्या! या वयात! जुना पायजमा कापला आणि घातला. आरशात बघितलं नाही. हे दारात आले, बघितलं, आल्या पावली परत गेले. थोड्या वेळाने आपली गादी ओढत आणली, खांबाखाली टाकली आणि परत गेले.

फोन ठेवताना बाईंनी विचारलं, "पण तुम्हाला कशाला लटकायचंय?" म्हटलं, "पकड आली का ते बघायला. ती येईल तेव्हा तयार हवा ना." त्या म्हणाल्या, "काकू, ती खांबाबद्दल विचारत नाहीये हो."

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्पिरिटच्या तीन बाटल्या. औषधवाल्याने विचारलं, "कुणाला एवढं लागलंय?" म्हटलं, "मुलीला."

नऊ सेकंद.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चौदा!! व्यायामवाले हाताला लावतात ती पांढरी पूड तिच्या कपाटात सापडली. पहिल्यांदा मूठभर फासली तर उलट जास्तच घसरले. चिमूटभरच लागते, तीही तळहात आधी कोरडा करून. मनगटात जोर यावा म्हणून ओला टॉवेल पिळते, सकाळी वीसदा, संध्याकाळी वीसदा. टॉवेल पिळण्यात मला कोण हरवणार!

खालची शेजारीण जिन्यात भेटली. "रोज धप्पकन काय पाडता हो वर?" म्हटलं, "मलाच." ती खो खो हसली. मीही हसले.

मग वर येऊन तिच्या खोलीत बसले. भिंतीवर अजून तिच्या अक्षरातला कागद आहे — 'रविवार, व्हिडिओ पाठवायचा!!' कुठलंसं नाचाचं पथक, दोन वर्षं गावोगाव फिरणार, जगभर. त्यात निवड व्हायची होती. शनिवारी पडली. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. तिच्या उशीत तोंड खुपसून रडले. पोटातून रडले, आवाज न करता, यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आणि रडून झाल्यावर काय केलं? उशीचा अभ्रा बदलला! धुवायला टाकला! जित्याची खोड.

अभ्र्याला तिच्या केसांचा थोडा वास होता. आता तोही नाही. अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज लटकले नाही. हातात जीवच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घाई आली होती. हॉटेलात माझ्या हाताखाली होती, सतत पळापळ, म्हणून आम्ही सगळ्या तिला घाई म्हणायचो. मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागेवर तीच आली, खोल्या आणि जिने सगळं आता तीच बघते. खारीची चौकशी करायला आली. गादी, बाटल्या, फडकी बघून म्हणाली, "ताई, हा काय कारखाना काढलाय?"

सांगितलं. कसं चुकून पॉलिश लावलं, कशी पोर पडली. सगळ्यांना सांगते तसंच. आता पाठ झालंय.

ती आधी हसली. "तुम्ही? चुकून? अहो ताई, पहिल्या दिवशी जिन्यात उभं करून आमच्याकडून काय घोकून घेतलं होतंत! जिथे हात पडतो तिथे पॉलिश नाही. खालचे गज चमकवा, आधाराच्या दांडीला नुसता ओला फडका. मी एकदा दांडीला लावलं होतं, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतात. म्हणालात, एखादं म्हातारं माणूस..."

मध्येच थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग चहा अर्धा ठेवून उठली, काम आठवलं म्हणाली. मी दारापर्यंतही गेले नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

घाईला काय कळतंय. माणसाच्या हातून चूक होत नाही का.

२२ फेब्रुवारी, शनिवार

प्लास्टर काढलं. हे गेले होते. मी दुपारपासून खिडकीत. तिची खोली झाडून पुसून, खांब शिडी लावून वरपर्यंत पुसून, हाताने चोळून गरम करून. हे एकटेच आले. हात काडीसारखा झालाय म्हणाले. कप उचलताना थरथरतो.

"येणार नाही का ती?"

यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग घडीची घडी. "तू सांगितलंस का तिला?"

पहिल्यांदा विचारलं! सहा आठवड्यांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "काय सांगू? चुकून झालं." हे उठून आत गेले आणि बेसिनचा नळ कितीतरी वेळ चालू राहिला. बत्तीस वर्षांच्या संसारात यांना रडताना ऐकलं नव्हतं.

बावीस सेकंद. खांब आता धरतो, वर, खाली, कुठेही. काही उपयोग नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लिहूनच टाकते. चार दिवस वही उघडते आणि मिटते.

पथकाची बातमी तिने पडण्याआधीच्या गुरुवारी जेवताना सांगितली. दोन वर्षं, आई! नुसती उडत होती. तोंडातला घास तसाच, हात हलवत बोलत होती. मी म्हटलं, "हो का? छान की." एकुलती एक. ती गेली की या घरात एक मी आणि एक न बोलणारा माणूस.

शुक्रवारी ती क्लासला गेली. मी पॉलिशचा डबा काढला. हॉटेलातून आणलेला, अर्धा होता. जिथे हात पडतो तिथे नाही — हे मला कुणी आठवून द्यायची गरज नव्हती. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. वर हात पुरेना तर स्टूल घेतलं. स्टूल घेतलं मी! चुकून कुणी स्टूल घेत नाही.

ती पडावी असं वाटलं नव्हतं. देवाशपथ नाही. वाटलं, घसरेल, व्हिडिओ बिघडेल, चिडेल, रडेल, मुदत टळेल. फार तर गुडघा खरचटेल. मग मी औषध लावीन. म्हणजे औषध लावण्यापर्यंतचा विचार केला होता, त्यापुढचा नाही.

शनिवारी सकाळी ती खांबाशी उभी राहिली तेव्हा मी दारात होते. ओला हात पदराला पुसत. तिने खांबाला हात लावला, वळून माझ्याकडे बघितलं. 'थांब' म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. म्हटलं नाही. ती चढली.

आई आहे मी! माझ्यासारखी आई कुणाला मिळू नये.

१ मार्च, शनिवार

सकाळी फोन केला. म्हटलं, मुद्दाम केलं, खार. माहीत होतं मला. तू जाऊ नयेस म्हणून केलं.

ती म्हणाली, "मलाही माहीत होतं, आई. हात लावला तेव्हाच कळलं. वाटलं, तू थांबवशील. म्हणून चढले."