मिसरीशिवायच्या सकाळी

आई, मन नेमकं कुठं असतं? तू विचारलं होतंस, आणि मला अजूनही उत्तर देता येत नाही.

मलकपेठच्या खोलीत तू शेगडीपुढं उभी आहेस. उजाडायचंय. जुन्या तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजतेस, चुरतेस, चिमूटभर मिसरी बोटानं दातांना लावतेस आणि मगच कणकेला हात घालतेस. मिसरीशिवाय तुझे डोळे उघडत नसत, आणि ते उघडल्याशिवाय हॉस्टेलच्या मुलांचे डबे निघत नसत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. घरात कॉलेजला गेलेली पहिलीच, त्यामुळे सगळ्यांना सुधारायचं काम माझंच. माझ्या हट्टापायी तू एकदा मिसरी सोडलीस. त्या सकाळी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि तू भिंतीकडं बघत राहिलीस. शेजारच्या खोलीतून मावशी आली आणि म्हणाली, अक्काला झोपेतच उभी केली का काय कुणी. दुसऱ्या दिवशी तंबाखू पुन्हा भाजली गेली. मी म्हणाले, मन घट्ट केलं असतंस तर सुटली असती. तू चिडली नाहीस. पोळी उलटवत म्हणालीस, "एवढी शिकतीस ना, मग मन कुठं असतं ते बघून ये. करते घट्ट."

तर मी बघायला गेले. उंदराच्या मेंदूचे पातळ, अजून जिवंत असलेले काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांतल्या पेशींवर नजर ठेवायची, ही आता माझी नोकरी. मेंदूच्या बुडाशी, मानेच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या नॉरअॅड्रेनॅलिन सोडतात, त्या रसायनानं बाकीचा मेंदू जागा होतो, लक्ष देऊ लागतो. त्या पेशींवर रिसेप्टर असतात. बारीक दारंच समज. ती उघडायला शरीराचं स्वतःचं दुसरं रसायन आहे, पण तंबाखूतल्या निकोटिनलाही ती उघडता येतात. रोज येत राहिलं की पेशी त्याच्याच सवयीनं चालतात, आणि एखाद्या सकाळी ते आलं नाही की माणूस मंद होतो, चिडतो. निकोटिन टाकल्यावर पडद्यावर त्या पेशी भराभर ठोके देऊ लागल्या, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लॅबमध्ये शेजारी बसलेल्या मुलीला म्हणाले, ही माझी आई. मन मात्र कुठल्याच कापात दिसलं नाही.

तुझ्यामागं डबे मावशी करते, मिसरीही लावते. मध्यंतरी तिच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. तुझं दुखणंही तिथूनच सुरू झालं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून हातात आहे, पण मिसरी बंद. तिनं सोडून पाहिली. डबे उशिरा गेले, मुलांचे फोन आले, आणि तिनं पुन्हा लावली. मला कळलं तेव्हा मी काही म्हणायच्या आधीच ती म्हणाली, "अक्काला बोलली तसं मला नक्को बोलू. मला मनच नाही असं समज." मी तिला त्या पेशींचं सगळं सांगितलं. त्यांना सावरायला काही आठवडे लागतील, तोवर सकाळी हात चालणार नाहीत, तो तिचा कमकुवतपणा नव्हे, असं म्हणाले. तिनं नीट ऐकून घेतलं.

"हौ बेटा. पण तोवर पोळ्या कोण, तुझ्या पेशी लाटणार?"

खरंच, एवढ्या अभ्यासात हे मला सुचलं नव्हतं. मी लॅबमधून दुपारची पाळी मागून घेतली. सोमवारपासून सकाळचे डबे मी करते. मावशी बाजूला बसून माझ्या पोळ्यांच्या जाड कडांवर वैतागते, घोट घोट चहा पिते, आणि अजून तरी तिनं मिसरी लावलेली नाही. एक तुलाच सांगते, तिला नाही: तंबाखू भाजल्याचा वास घरात नसला की मला करमत नाही. उद्याची कणीक आत्ताच मळून ठेवलीय.